मानाचा खडा

आमच्या घरात कुठलीही गोष्ट दोनदा पुरी होते. एकदा हे म्हणतात तेव्हा, आणि एकदा ती खरोखरच होते तेव्हा. ह्या दोन्हींच्या मधला काळ मी ‘ॐ नमः शिवाय’ म्हणत काढते. लग्नाला इतकी वर्षं झाली. महादेवाच्या दारी माझा जप बराच साठला असेल, आणि त्याचं सगळं श्रेय ह्यांचंच.

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही. अवघं जळकोट ह्यांना कल्याणप्पा म्हणतं, चुनाभट्टीवाले कल्याणप्पा. सणासुदीला भात टाकला की हे स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येणार, झाकण उचलून वाफेला तोंड देणार आणि जाहीर करणार, “आयतु!” आयतु म्हणजे कानडीत झालं. सासूबाई आळंदकडच्या, तेव्हा तो शब्द ह्यांना दुधातूनच मिळालेला. मग पानात कचकचीत शितं पडली तरी हे मिटक्या मारत खाणार. एकदा झाला म्हटलेला भात कच्चा निघणं हा भाताचा उद्धटपणा, आणि उद्धटांकडं लक्ष द्यायला ह्यांना वेळ नाही. धाकट्या नणंदेचं लग्न ह्यांनी मुलगा बघायला जायच्या आधीच जमवून टाकलं होतं; मुलाकडच्यांना ते मागाहून कळलं. विलायतेची लढाई तर ह्यांनी वेशीतल्या कट्ट्यावर बसून दोनदा संपवली. पण तिकडं कुणी ऐकलं नसावं, कारण राकेल मिळेना ते मिळेना आणि सिमेंटाचं पोतं सोलापुरातही दिसेना.

सिमेंट गेलं आणि आमचे दिवस आले. ज्याच्याकडं चुन्याची भट्टी त्याच्या मिशीला पीळ. भट्टी म्हणजे काय, ओढ्याच्या काठी मातीनं लिंपलेला, पुरुषभर उंचीचा गोल बुरूज. त्यात चुनखडीचे दगड आणि बाभळीची लाकडं थरावर थर रचायची, खाली एक तोंड ठेवायचं आणि तिथून जाळ द्यायचा. जाळ पुरता बसला की दगड पांढरा, हलका होऊन निघतो. तो कळीचा चुना. त्यावर पाणी टाकलं की तो फुसफुसतो, तापतो, फुटतो आणि पिठासारखा विरतो. जाळ कमी पडला तर दगड बाहेरून पांढरा आणि आत होता तसाच. कपाळाला विभूती आणि पोटात तेच! असे नमुने नुसते भट्टीतच सापडतात असं नाही, पण तो विषय निराळा.

ही भट्टी ज्या जागेवर आहे ती जागा मठाची. ह्यांच्या वडिलांच्या शब्दाखातर मठानं ती दिलेली. बदल्यात मठाच्या हौदाला लागेल तेवढा चुना आम्ही पुरवायचा. हौद मोठा आहे. पावसाळ्यात भरला की उन्हाळ्यात अर्धं गाव त्यावर निभतं. तो फुटका असला की आम्ही बायका ओढ्यात झिरे उकरून वाटी-वाटीनं घागर भरत बसतो. गेल्या साली हौदाला आमच्या चुन्याचा गिलावा झाला. काम चालू असतानाच महसुलाचे गिरदावर साहेब आले, आमच्याकडं पुरणपोळी जेवले, हौद लांबून बघितला आणि उर्दूत ‘मुकम्मल’, म्हणजे काम पुरं, असा शेरा मारून तुळजापूरला निघून गेले. हे आणि सरकार ह्यांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं. होळीला गिलाव्याचे पोपडे सुटले आणि हौद रडायला लागला.

ह्यांनी कारणं शोधली. वाळू खारट. गवंडी आळशी. कुणाची तरी दृष्ट. चुना मात्र त्यात कुठंच नव्हता.

मठाचे स्वामी कमी बोलतात. त्यांनी ह्यांना बोलावलं आणि एवढंच म्हणाले, “कल्याणप्पा, तुमचे वडील शब्दाचे पक्के होते. अवंदा एक भट्टी लावा. हौदानं पाणी धरलं तर जागा तुमची. न्हाय धरलं तर नळदुर्गच्या भट्टीवाल्या वीरप्पाला देतो. बायकांनी किती दिवस झिरे उकरायचे?”

घरी येऊन हे मला म्हणाले, “झालं समज. जागा आपलीच.”

भट्टी गेली तर आमच्याकडं दुसरं काय होतं? कोरडवाहूचा एक तुकडा, आणि ह्यांचा आत्मविश्वास. पहिल्यात काही पिकत नव्हतं आणि दुसऱ्याला बाजार नव्हता.

आता मानाच्या खड्याचं सांगते, कारण सगळं तिथंच अडलं. आमच्याकडं भट्टी उघडली की चुना लगेच हलवत नाहीत. आधी सोमवार बघून भट्टीपाशी मांडलेल्या महादेवापुढं पाण्यानं भरलेलं पितळी घंगाळ ठेवायचं, भट्टीतला एक खडा काढून त्यात सोडायचा. खडा फुलला, खदखदला, विरला, की देव पावला. मग नारळ फुटतो आणि चुन्याची पोती भरतात. हा मानाचा खडा नेहमी यजमानानं काढायचा, आणि काढायचा कुठून? जाळाच्या तोंडाशी असलेला. देवाला द्यायचं ते उत्तमच द्यायचं, सडकं केळं का कुणी नैवेद्याला ठेवतं? त्यामुळं आमच्या भट्टीवर देव आजवर एकदाही रुसलेला नाही. गेल्या सालीही खडा असा काही उकळला की पुजारी दोन पावलं मागं सरले. हौद मात्र उरलेल्या दगडांनी लिंपला होता, आणि त्यांना कुणी मान दिला नव्हता.

भट्टी रचायला घेतली तेव्हा बाबूराव मास्तर आले. मास्तर मूळचे तुळजापूरचे, आमच्या शाळेवर नेमलेले. त्यांना शास्त्राची हौस. ओसरीवर बसून त्यांनी ह्यांना समजावलं, “कल्याणराव, ह्या दगडात हवा कोंडलेली असते. जाळ लागला की दगड मोडतो, हवा निघून जाते आणि मागं चुना राहतो. सगळी हवा गेली की काम पुरं. नाही गेली तर अपुरं.”

“आणि गेली का न्हाई, कसं वळखायचं?” ह्यांनी विचारलं.

“वजनावरून. शेरभर, म्हणजे सोळा छटाक दगड नीट भाजला तर नऊ छटाकांच्या आसपास भरला पाहिजे. जास्त भरला तर आत कच्चं आहे. शिवाय विरलेल्या चुन्यावर लिंबू पिळून पाहा. बुडबुडे आले तर अजून हवा शिल्लक आहे.”

दगडातून निघालेली हवा कुठं जाते हे मास्तरांनी सांगितलं नाही, पण मला ते विचारायची गरज नव्हती. ती समोर तक्क्याला टेकून बसलेली दिसत होती.

मास्तरांनी शेरभर वजनाचा एक दगड निवडला, त्याला तारेचा वेढा दिला आणि म्हणाले, “हा भट्टीच्या मध्यात ठेवा. बरोब्बर मध्यात.”

“मास्तर, तुमी काळजीच करू नका.”

भट्टी पेटली. लाकडाची टंचाई, जंगलच्या चौकीदाराची कुरकुर, आणि ज्ञानोबा एकटा जाळ घालणारा. ज्ञानोबा हा आमच्या भट्टीवरचा जुना गडी. तोही ह्यांच्याच तालमीत तयार झालेला, त्यामुळं मालक म्हणतील ती पूर्व. धूर काळ्याचा पांढरा झाला आणि मग दिसेनासा झाला. हे कमरेवर हात ठेवून भट्टीपुढं उभे राहिले. “आयतु! धूर संपला, भाजणं संपलं.”

“मालक, अजून एक रात जाळ दिला तर?” ज्ञानोबानं भीत भीत विचारलं.

“भट्टीत लाकडं घालायला काय, सरणावर उरलेली हायती व्हय? बंद कर तोंड.”

ज्ञानोबानं आधी स्वतःचं बंद केलं, मग भट्टीचं.

भट्टी निवली तशी उघडली. मास्तर तागडी घेऊन हजर. तारेचा दगड काढला, ओसरीवर आणून तोलला. नऊ छटाक, वर पाव नाही. ह्यांनी ओसरीवरूनच मला हाक मारली, “अगं, मास्तरांना चहा टाक! शास्त्र पावलं!”

मास्तर दगड हातात फिरवत होते. “छान भाजलाय. अगदी मध्यात होता ना?”

“मध्यात?” ह्यांना धक्काच बसला. “मास्तर, तुमी आमचे पावणे. पावण्याचा दगड गर्दीत कुठं टाकायचा? जाळाच्या तोंडाशी ठेवला, मानाच्या जागी!”

मास्तरांनी दगड परत तागडीत ठेवला. मग हळूच म्हणाले, “अहो, मग हा दगड फक्त स्वतःबद्दल बोलतोय. बाकीच्यांबद्दल काही नाही.”

“तुमी पण मास्तर, लई शंकेखोर. शितावरून भाताची परीक्षा असती.”

मी चहाच्या कपबश्या उचलायला आले होते. शितावरून भाताची परीक्षा होते, मान्य. कारण भात आपण ढवळतो. भट्टी कुणी ढवळली होती? पण पाहुण्यांपुढं बायकोनं बोलायचं नसतं, म्हणून कपबश्या थोड्या जोरात ठेवल्या. ह्यांना त्या ऐकू आल्या नाहीत.

घरच्या पानाला म्हणून ह्यांनी भट्टीतले हाताला लागले ते चार खडे आधीच आणले होते. मी ते विरवून सासूबाईंच्या चुनाळ्यात भरले. सासूबाईंचं नाव गौराबाई, सगळं घर अव्वा म्हणतं. अव्वांच्या दोन्ही डोळ्यांवर सारा आलेला, दिसतं ते फक्त ऊन आणि सावली. दात तीन. पण जीभ शाबूत. पान तोंडात गेलं आणि ओरडल्या, “शिवगंगा! ह्ये काय चारलीस गं? उरलेले दात बी काढायचे हायती का माझे?”

चुनाळं उपसलं तर तळाशी खडेच खडे. वाटाण्याएवढे. न विरलेले. मास्तरांचं बोलणं आठवलं, तेव्हा खडे वाटीत घेतले आणि देवघरातलं लिंबू कापून त्या खड्यांवर पिळलं. फस्सदिशी फेस आला, बारीक बारीक बुडबुडे, जसा काही दगड माझ्याकडं चहाडी करत होता.

मी ती वाटी ह्यांच्यापुढं धरली. “हे बघा. आत कच्चं हाय.”

ह्यांनी वाटीत पाहिलं. “लिंबू आंबट हाय.”

“लिंबू आंबटच असतं, अवो.”

“मग? आंबटाला फेस येणारच. आन् मास्तरचा दगड नऊ छटाक भरला, त्ये खोटं का?”

“त्यो दगड तोंडापाशी होता. मधले कुणी तोलले?”

“बघ, तू लई पोथ्या वाचतीस,” हे म्हणाले आणि उठून गेले. हे उठून गेले म्हणजे वाद पुरा झाला असं आमच्या घरात धरतात.

मला रागापेक्षा भीती जास्त वाटली. सोमवारी मानाचा खडा निघणार, उकळणार, नारळ फुटणार, सगळा चुना हौदाला जाणार. पुन्हा होळीला पोपडे. आणि मग वीरप्पाची बैलगाडी आमच्या भट्टीपुढं उभी. ह्यांचा स्वभाव गावाला माहीत. भट्टीशिवायच्या कल्याणप्पाला दारात कोण उभं करणार होतं? त्या दिवशी इष्टलिंगाची पूजा करताना मी म्हटलं, देवा, तू गेली कितीतरी वर्षं फक्त चांगले खडे बघतोयस. एकदा तरी मधला मागून घे.

देव मागत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी मग अव्वांकडं गेले.

“अव्वा, अवंदा मानाचा खडा तुमी काढा.”

“मी? मला कुठं दिसतंय?”

“म्हणून तर,” मी म्हणाले, आणि लगेच सावरलं, “म्हणून तर तुमचा मान आधी. घरातलं वडीलधारं माणूस असताना लेकानं का काढायचा?”

अव्वांना ते फार पटलं. मान ही गोष्ट आमच्या घरात डोळ्यांना दिसत नसली तरी कानांना चांगली ऐकू येते.

सोमवारी भट्टीपाशी स्वामी आले, पुजारी आले, मास्तर आले. घंगाळ भरून ठेवलं होतं. चुन्याचे दगड ज्ञानोबानं भट्टीतून काढून जसे निघाले तसे पसरले होते, तोंडाकडचे ओढ्याच्या बाजूला, मधले मध्ये. हे धोतराचा सोगा खोचून पुढं झाले तोच अव्वांची काठी वाजली.

“मागं सर. मानाचा खडा मी काढणार हाय.”

“अव्वा, तू कशाला? ठेच लागंल.”

स्वामी म्हणाले, “काढू द्या की. आईचा हात लागला तर बरंच हाय.”

स्वामींपुढं नाही कसं म्हणणार! मग ह्यांनी अव्वांचा दंड धरला आणि त्यांना हळूहळू ओढ्याच्या बाजूला वळवायला लागले. “अव्वा, असं ये. असं. हिकडं.”

“हात सोड. मला वाट दाखवतोस व्हय?”

“दिसत न्हाय म्हणून...”

“तुझ्या बापाला म्या दिसायचं बंद झाल्यावर बी पानं लावून दिली. एक बी तिखट लागलं न्हाय त्यास्नी. सोड!”

काठी टेकत अव्वा सरळ ढिगाच्या मध्यात गेल्या. काठी एका दगडाला लागली, तशा वाकल्या, तो उचलला, हातात जोखला. “जड हाय गं,” म्हणाल्या. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं. मी महादेवाकडं पाहिलं.

खडा घंगाळात गेला.

काहीच झालं नाही. वरचा पांढरा पापुद्रा जरासा सुटला, दोन-चार बुडबुडे आले, आणि मग तो दगड पाण्यात म्हशीसारखा निवांत बसून राहिला. सगळे घंगाळाभोवती वाकून उभे. ओढ्यातल्या बेडकाचा आवाज ऐकू येत होता.

अव्वांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं, “आयतेनु? झालं का?”



“पाणी लई गार हाय,” हे म्हणाले.

आणि ह्यांनी धावत जाऊन तोंडाशी भाजलेला एक खडा आणला आणि घंगाळात टाकला. तो असा फुलला, असा खदखदला, की घंगाळ तापलं आणि वाफ निघाली. “हा बघा! हा बघा, स्वामी!”

स्वामींनी बघितलं. मग शांतपणे म्हणाले, “हा देवाचा झाला, कल्याणप्पा. आता हौदाचा कुठला, त्ये सांगा.”

खदखदणाऱ्या पाण्यात कच्चा दगड तसाच बसला होता, शेजारचा विरून पीठ झाला तरी ह्याला त्याचं सोयरसुतक नाही. हे त्याच्याकडंच बघत होते. मी इतक्या वर्षांत ह्यांना एखाद्या गोष्टीकडं इतका वेळ बघताना पाहिलं नव्हतं.

“जाळ कमी पडला,” हे शेवटी म्हणाले. फार हळू. वाळू नाही, गवंडी नाही, दृष्ट नाही.

स्वामींनी मठामागं वादळात पडलेली जुनी चिंच दिली. म्हणाले, “लाकूड घ्या. सबब देऊ नका.” कच्चे दगड निवडून पुन्हा भट्टी रचली. ह्यांनी ज्ञानोबाशेजारीच घोंगडी टाकली. धूर काळा होता तो पांढरा झाला, मग संपला. ज्ञानोबा सवयीनं म्हणाला, “मालक, आयतु?” ह्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं निमूट अजून लाकडं घातली. मी भाकरी घेऊन गेले तेव्हा हे तोंडाशी बसून विचारत होते, “हे तोंडाचं झालं, पण मधल्याचं काय?” कुणाला विचारत होते ते कळलं नाही. बहुतेक जाळालाच.

दुसऱ्यांदा भट्टी उघडली तेव्हा ह्यांनी स्वतः अव्वांना हाताला धरून आणलं आणि ढिगाजवळ सोडून दिलं. “अव्वा, तुला वाटंल तिथला उचल. वरचा, खालचा, मधला.” पाच जागचे पाच खडे घंगाळात गेले. पाचही फुटले. पाणी इतकं उकळलं की पुजाऱ्यांचं उपरणं भिजलं. तरी हे नारळाला हात लावीनात. म्हणाले, “लिंबू आण.”

मी लिंबू दिलं. विरलेला चुना निवल्यावर ह्यांनी त्यातला थोडा वाटीत घेतला, बोटांनी चाचपला, खडा लागला नाही. मग लिंबू पिळलं आणि गुडघ्यावर बसून वाटीला कान लावला. बुडबुड्यांचा आवाज येतो का, फस्स होतं का, ते ऐकत. सगळे थांबले होते. पुजारी, मास्तर, अव्वा, ज्ञानोबा. वाटीत काहीच आवाज नव्हता, आणि हेही तेवढाच वेळ गप्प होते. अशी शांतता आमच्या घराण्यात कुणी ऐकली नसेल.

हौद लिंपला. चुना बैल जुंपलेल्या घाण्यात गूळ, हिरडा घालून मळला, गवंडीही तोच आळशी, वाळूही तीच. पावसाळ्यात हौद भरला. वीरप्पा नळदुर्गलाच राहिला.

ह्यांनी शहाणपण घेतलं म्हणावं, तर तसं कसं म्हणू? दिवाळीला पाहुण्यांपुढं सांगत होते, “पाच जागचे खडे काढायची आमच्या घराण्याची रीत. आजोबांपासून!” अव्वा पलीकडून खोकल्या. आजोबांना अव्वांनी पाहिलेलं आहे.

पण होळीच्या दिवशी मी पाण्याला गेले. हौदात पाणी पायरीच्या वर होतं, होतं तिथंच. बायका हसत होत्या, कुणी झिरा उकरायला गेलं नव्हतं. हौदाच्या मागच्या अंगाला हे उभे होते. एकटेच. भिंतीवर तळवा ठेवून खालून वर, वरून खाली, ओल येते का बघत होते. मग गिलाव्यावर बोटानं टकटक केलं आणि कान लावला.

मी घागर खाली ठेवून विचारलं, “काय हो, झालं का आता?”

ह्यांनी तळवा उलटून बघितला. कोरडा होता.

“उन्हाळा तर जाऊ दे,” म्हणाले. “मग सांगतो.”